मोजल्यावांचून दोष

आमच्या घरीं एक जुनी मोटार आहे, इ. स. २००१ सालची. ती धाकट्या बंधूंनीं घेतली खरी, पण एकत्र कुटुंबांत वस्तूवर जसा सर्वांचा हक्क असतो तसा तिच्यावरही आहे. पेट्रोलचा हिशेब मात्र आमच्याकडे. या हिशेबाच्या वहीनेंच गेल्या श्रावणांत आमच्या हातून एक अन्याय घडविला. तो लपविण्यापेक्षां वाचकांपुढें मांडावा हें बरें.

लिटरमागें पंधरा-सोळा किलोमीटर चालणारी गाडी दहावर आली. थोडा वेळ थांबवून ती पुन्हां सुरू करूं जावें तर बराच वेळ दाद देत नसे, आणि सुरू होतांच मागून काळा धूर सोडी. गाडी बहुधा आमचा पुतण्या चालवी. तो ती मित्रांसह भरधाव हिंडवीत असला पाहिजे असें आम्हीं मनाशीं ठरविलें, आणि एके रात्रीं जेवणाच्या पंक्तींत सर्वांदेखत तसें बोलूनही दाखविलें. “काका, मी कामाखेरीज कोठेंही गेलों नाहीं,” एवढेंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून गाडीची किल्ली खुंटीला लागली आणि तो एस. टी. नें कामावर जाऊं लागला. धाकट्या भावजयीनें एक शब्दही काढला नाहीं. पण वाढतांना “भाऊजी, आणखी थोडें घ्या ना” असें जें ती नेहमीं म्हणे, तें बंद झालें.

गाडी एका कारखान्यांत दाखविली. तेथें कोणींही कांहीं न तपासतां पेट्रोलचा पंप गेला असें सांगितलें व हजारों रुपयांचा आंकडा लिहून दिला. तो खर्च ऐकून आम्ही आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलों. तो आतां नांवाजलेला मिस्त्री आहे. तो म्हणाला, “गुरुजी, आधीं दाब मोजूं. काय बदलायचें तें मग ठरवूं.”

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोलचा दाब चौरस इंचास चार-पांच पौंडांच्या आसपास असे. इ. स. २००० पासून धुराविषयींचे नियम कडक होत गेले आणि आपल्याकडे कार्ब्युरेटर मागें पडून इंजेक्टर आले. यांत टांकींतला विजेचा पंप पेट्रोल नळींतून पुढें ढकलतो आणि इंजेक्टर तें तुषाररूपानें इंजिनांत सोडतात. आमच्या गाडींत हा दाब सुमारें ४२ पौंड असावा लागतो. तो राखण्यासाठीं रेग्युलेटर नांवाची एक लहान डबी असते. तिच्यांत एक पडदा व एक स्प्रिंग असते, आणि एका बारीक रबरी नळीनें ती इंजिनाच्या शोषणाशीं जोडलेली असते. इंजिन संथ चालत असतां शोषण जोराचें असतें. त्या वेळीं दाब आठ-नऊ पौंडांनीं उतरतो, आणि इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंमधील अंतर सारखें राहतें.

रविवारीं सकाळीं इंजिन थंड असतां परीक्षा झाली. आम्हीं पुतण्यास मुद्दाम बोलावून घेतलें होतें. मिस्त्रीनें मोकळी जागा निवडली, आग विझविण्याचें नळकांडें जवळ ठेविलें, आणि पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालविलें. म्हणजे नळींतला दाब उतरला. मग बॅटरीची तार सोडविली, सांध्याभोंवतीं फडकें धरून मीटर जोडला, आणि फ्यूज व तार पुन्हां जागच्या जागीं बसविली.

पुतण्यानें किल्ली फिरविली. पंप दोन क्षण गुणगुणला आणि कांटा ४२ वर गेला. पंप निर्दोष! इंजिन सुरू केलें तेव्हां कांटा ३४ वर आला. तोही आंकडा योग्यच. येथें थांबलों असतों तर दोष पुन्हां पुतण्याकडेच गेला असता. पण मिस्त्रीनें रेग्युलेटरची बारीक नळी उपसली. कांटा वर चढला. मात्र जिच्यांत केवळ हवा असावी त्या नळीच्या तोंडाशीं पेट्रोलचा थेंब लोंबत होता. इंजिन बंद केल्यावर जो कांटा बराच वेळ टिकावा, तो पाहतां पाहतां खालीं आला. पडदा फाटला होता. पेट्रोल त्या वाटेनें इंजिनांत जाऊन नको तेवढें जळत होतें. काळा धूर त्याचाच होता आणि वहींतला खर्चही त्याचाच.

धूर दिसला म्हणजे अग्नि आहे, हें उदाहरण आम्हीं जन्मभर मुलांस शिकविलें. पण अग्नि कोणीं लाविला हें धूर सांगत नाहीं, एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानांत राहिली नव्हती.

नवी डबी बसली. तिला पंपाच्या मानानें फारच थोडे पैसे पडले. त्या रात्रीं पंक्तींत आम्हीं पुतण्यास सर्वांदेखत म्हटलें, “बाळ, आमची चूक झाली.” वडील माणसानें असें म्हणण्याची आमच्या घरीं रीत नाहीं. परंतु आरोप पंक्तींत केला असतां तो मागें एकांतांत घेणें आम्हांस न्याय्य वाटेना. तो कांहीं बोलला नाहीं. मान खालीं घालून जेवत राहिला. भावजयीनें मात्र भाताचें पातेलें पुढें केलें, आणि म्हणाली, “भाऊजी, आणखी थोडें घ्या ना.”

सोमवारीं खुंटीवर किल्ली नव्हती.