तांबट आळींतील एक खण

पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळी दिसण्यापूर्वीं ऐकूं येते. पेशवाईंत कोंकणांतून आलेल्या तांबटांची ही वस्ती. आम्ही तेथें गेलों ते शाळेच्या सुतारकामवर्गांतील पोलादी कपाटाचा खण घेऊन. त्यांत तीन पिढ्यांच्या मुलांनीं हत्यारें ठेविलीं. आतां दर्शनी पत्र्यास खोल पोचा आल्यानें भंगारवाला तो वजनावर मागत होता.

वृद्ध कारागिरांनीं प्रथम दुमडलेल्या कडा सरळ केल्या. “कडा वांकड्या असतां मधला पोचा बसावयाचा नाहीं, गुरुजी.” मग पत्र्याखालीं सपाट लाकडी ठोकळा ठेवून पोच्याच्या कांठापासून मध्याकडे लांकडी हातोड्याचे हलके ठोके दिले. जोराच्या घावानें पत्रा पातळ होऊन पसरतो. पसरलेला भाग कडांच्या आंत मावत नाहीं, फुगतो आणि दाबतांच टक्‌कन वाजतो. तांबें ठोकून कठीण झालें तर तापवून पुन्हां मऊ करतां येतें; रंगविलेल्या पोलादी पत्र्यास तसें तापविलें तर रंग जळतो. म्हणून येथें धीर हाच उपाय.

शेवटीं त्यांनीं पत्र्यावर पट्टी उभी धरून फटींतला उजेड पाहिला. केसाएवढा उरलेला उंचवटा त्यांनीं तसाच ठेविला. आणखी ठोकणें म्हणजे पत्रा पसरविणें. कोठें थांबावें, हें शिकविणाऱ्यांसही जन्मभर शिकावें लागतें.