वाटाणा की घेवडा?

मित्रमैत्रिणींनो, आज मी तुम्हाला माझी एक फजिती सांगणार आहे. मोठ्या माणसांची फजिती ऐकायला तुम्हाला फार आवडतं, हे मला पक्कं ठाऊक आहे! पण ही फजिती नुसती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कारण तिच्यात मी चक्क खोटं बोललो होतो, आणि त्या खोट्याचा भार माझ्या पुतणीच्या डोक्यावर येऊन पडला होता.

त्याचं असं झालं. आम्ही नाशिकला राहतो. माझी पुतणी मुक्ता सातवीत आहे. तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. बाईंनी तिला विषय दिला, ‘दादासाहेब फाळके यांचा वाटाणा’. आता तुम्ही म्हणाल, फाळके म्हणजे सिनेमावाले! त्यांचा वाटाण्याशी काय संबंध?

आहे ना! दादासाहेब मूळचे आमच्या जवळच्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आणला, हे तुम्ही वाचलं असेल. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९१२ साली, त्यांनी एक छोटीशी चित्रफीत केली होती. तिचं नाव ‘अंकुराची वाढ’. एका कुंडीत त्यांनी वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची थोडी थोडी चित्रं घेतली. ती सगळी एकापाठोपाठ दाखवली, तेव्हा मिनिटभरात बी रुजलं, अंकुर आला आणि बघता बघता त्याचा वेल झाला! ती चित्रफीत पाहून पैसेवाल्या माणसांचा त्यांच्यावर विश्वास बसला आणि चित्रपटासाठी त्यांना कर्ज मिळालं. म्हणजे आपल्याकडच्या सिनेमाच्या धंद्याला पहिला जामीन कोण राहिला, तर एक वाटाणा!

बाईंनी मुक्ताला सांगितलं होतं, “हाच प्रयोग तू घरी करून बघ.” वेळ होता तीन आठवड्यांचा.

मुक्ता माझ्याकडे आली ती कुरकुरतच. “काका, रोज कोण बघत बसणार वाटाण्याकडे? आणि नाहीच उगवला तर?”

इथे माझ्यातला शहाणा जागा झाला. मी म्हटलं, “अगं, कशाला पेरतेस? आता एआयला नुसतं सांगायचं, ‘वाटाणा उगवताना दाखव’. तो चित्रफीत करून देतो. तीसुद्धा फुकट!”

खरंच, हे तंत्र भराभर पुढे आलंय. २०२२ साली मेटा आणि गूगल या कंपन्यांनी असे नमुने दाखवले, तेव्हा ती चित्रं धूसर आणि थरथरणारी असायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपन एआय या कंपनीनं ‘सोरा’चे मिनिटभराचे नमुने दाखवले आणि लोक थक्क झाले. मे २०२५ मध्ये गूगलच्या ‘व्हिओ ३’ नं तर चित्राबरोबर आवाजही तयार करून दाखवला. मी हे सगळं वाचलं होतं, पण हात लावून पाहिलं नव्हतं. म्हणून मीही मुक्ताइतकाच उतावीळ झालो होतो.

फुकट मिळणाऱ्यांपैकी एक साधन आम्ही निवडलं. अशा ठिकाणी बहुधा वयाची अट असते, म्हणून खातं माझ्या नावानं उघडलं. आणि मग ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ कळू लागला! दिवसाला ठरावीक गुण मिळणार. ते संपले की उद्या या. चित्रफीत फक्त पाच सेकंदांची. पैसे भरणारे आधी, आपण रांगेत मागे. आणि चित्राच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का. रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभं राहावं, तसे आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो होतो.

आधी गंमत म्हणून लिहिलं, ‘आजी पुरणपोळी लाटते आहे’. आजी आली, झकास नऊवारीत! पण लाटणं मधेच तिच्या हातात विरघळलं, पोळी आपोआप जाडजूड झाली आणि शेवटी तिचा चक्क पिझ्झा झाला! दुसऱ्यांदा लिहिलं, ‘नाशिकचा बाजार’. दुकानांवर पाट्या होत्या, पाट्यांवर देवनागरीसारखी अक्षरं होती, पण वाचायला जावं तर एकाही शब्दाला अर्थ नाही! मुक्ता हसून हसून लोळली. तेवढ्यात त्या दिवसाचे गुण संपले.

दुसऱ्या दिवशी वाटाणा मागितला. आणि काय सांगू! काळीभोर माती, त्यावर कोवळं ऊन, माती हळूच दुभंगते आणि दोन जाड हिरवी दलं डोकं वर काढतात. ती उघडतात, मधून पानं येतात, पानावर दवाचा थेंब. पाच सेकंदांत सगळं! आम्ही तीनदा पाहिलं.

आता माझा गुन्हा ऐका. मी कोपऱ्यातला तो शिक्का कापून टाकला आणि चित्रफीत आमच्या घरच्या गटावर पाठवून दिली. वर लिहिलं, ‘मुक्तानं बरेच दिवस खपून केलेला प्रयोग!’ का लिहिलं? खरं सांगतो, मला नीट सांगता येणार नाही. कौतुक ऐकायचं होतं, एवढंच.

कौतुकाचा पाऊस पडला. ‘शाब्बास मुक्ता!’ ‘आमची शास्त्रज्ञ!’ आजीनं तर बक्षीस म्हणून पन्नास रुपये काढून ठेवले. आणि संध्याकाळी माझ्या मामांचा निरोप आला. निफाडजवळ त्यांची शेती आहे. मुक्ता त्यांना आप्पाआजोबा म्हणते. त्यांनी एकच ओळ लिहिली होती.

‘फार छान. पण हा वाटाणा आहे का घेवडा?’

मुक्ता फोन घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. “काका, हे असं काय विचारतायत? आणि तू लिहिलंस की मी बरेच दिवस खपले. आता मी काय उत्तर देऊ? मी तर काहीच केलं नाही.”

दोस्तांनो, ‘मी काय उत्तर देऊ’ हे वाक्य मला फार लागलं. खोटं माझं होतं, पण उत्तर तिला द्यायचं होतं.

आधी आप्पांच्या प्रश्नाचं बघू या. आम्ही विज्ञानाचं पुस्तक काढलं, आप्पांना फोन केला, आणि उलगडा झाला. घेवडा किंवा मूग रुजतो तेव्हा त्याची दोन दलं, म्हणजे बीजपत्रं, मातीच्या वर येतात. पण वाटाणा आणि हरभरा यांची तऱ्हा वेगळी. त्यांची दलं मातीतच राहतात, आणि वर येतो तो फक्त कोवळा अंकुर. शेतकऱ्याच्या नजरेला हे पाच सेकंदांत दिसलं. आम्ही दोघं शिकलेले, तीन वेळा पाहून आम्हाला दिसलं नाही!

मग यंत्र चुकलं कसं? ते समजून घेण्यासारखं आहे. तुमच्या आईबाबांना विचारा, पूर्वी टीव्हीवर चॅनल लागलं नाही की पडद्यावर मुंग्या मुंग्या दिसायच्या. हे यंत्र तशा मुंग्यांपासूनच सुरुवात करतं. त्याला आधी शब्दांची जोड दिलेल्या असंख्य चित्रफिती दाखवलेल्या असतात. त्यावरून ते शिकतं, की अमुक शब्द असतील तर चित्र साधारण कसं दिसतं. मग आपण लिहिलेल्या शब्दांकडे बघत ते त्या मुंग्या पायरीपायरीनं पुसत जातं, आणि शेवटी चित्र उरतं. या सगळ्यात ते एकदाही बी पेरत नाही! ‘रोप उगवतं’ म्हटल्यावर दोन हिरवी दलं वर येणं त्याला शोभेसं वाटलं, म्हणून ते आलं. पाहणाऱ्याला पटेल असं चित्र काढणं हे त्याचं काम, आणि ते त्यानं चोख केलं होतं. खोटं त्यानं सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं होतं.

रात्री मी गटावर लिहिलं, ‘सकाळची चित्रफीत एआयनं केलेली आहे. मुक्तानं नाही. तिच्या नावावर मी खोटं लिहिलं. चूक माझी आहे.’ पाठवायचं बटण दाबताना हात जरा अडखळला, हे कबूल करतो. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग आप्पांचा निरोप आला, ‘ठीक आहे. घरचं, औषध न लावलेलं बियाणं पाठवतो.’ आजीनं पन्नास रुपये परत डब्यात टाकले.

आता खरा प्रयोग सुरू झाला. काचेच्या पेल्यात ओला कापूस, आणि काच व कापूस यांच्या मध्ये रात्रभर भिजवलेले वाटाणे. पहिल्या खेपेला मुक्तानं प्रेमापोटी इतकं पाणी घातलं, की पाचव्या दिवशी बुरशी आली आणि वाटाणे कुजले. आप्पा म्हणाले, “अगं, बियालाही श्वास घ्यायचा असतो. त्याला बुडवू नकोस.” मुक्ता रडवेली झाली. दिवस कमी उरले होते. मला मनातून वाटत होतं, आता ही पुन्हा एआयकडेच वळणार. पण तिनं डोळे पुसले आणि नवे वाटाणे भिजत घातले.

माझा एक जुना फोन आम्ही पुस्तकांच्या ढिगाला टेकवून ठेवला आणि दर अर्ध्या तासानं आपोआप फोटो निघेल अशी सोय केली. शेजारी एक दिवा, तो रात्रंदिवस चालू. दहा दिवसांत किती फोटो झाले? करा गणित! दिवसाचे ४८, दहा दिवसांचे ४८०. सेकंदाला १६ फोटो दाखवले, की झाली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत!

दहा दिवस सगळं घर त्या पेल्याभोवती फिरत होतं. आधी वाटाणे फुगले. साल तडकलं. तिसऱ्या दिवशी मूळ बाहेर आलं आणि सरळ खाली निघालं. अंकुर नाही बरं का, आधी मूळ! मग काही दिवसांनी मान खाली घातलेला, आकड्यासारखा वाकलेला अंकुर वर आला. वाकलेला का, तर माती ढकलताना त्याचं कोवळं टोक दुखावू नये म्हणून. मुक्ता शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी पेल्याकडे धावायची. “काका, आज त्यानं मान सरळ केली!” असं ती ओरडली, तेव्हा आजीसुद्धा पोथी ठेवून बघायला आली. दलं मात्र शेवटपर्यंत सालातच, जागच्या जागी बसून होती. आप्पांचं म्हणणं खरं ठरलं.

चित्रफीत काही निर्दोष नव्हती. एका रात्री तीन तास वीज गेली, त्यामुळे सहा फोटो काळे आले. मधे आजीनं टेबल पुसताना पेला दोन बोटं सरकवला, म्हणून वाटाणे एकदम उडी मारतात. मी म्हटलं, “ते काळे फोटो काढून टाकू या का?” मुक्ता म्हणाली, “नको. वीज गेली होती ना? मग राहू दे.” चित्रफितीत तो काळोख पापणी लवावी एवढाच दिसतो. पण मला तो त्या दवाच्या थेंबापेक्षा जास्त आवडतो.

प्रदर्शनात मुक्तानं दोन्ही चित्रफिती शेजारी शेजारी लावल्या आणि वर पाटी लिहिली, ‘यातला खरा वाटाणा कोणता? कशावरून?’ खाली स्वच्छ लिहिलं होतं, कोणती एआयची आणि कोणती पेल्यातली. पण त्यावर पुठ्ठा झाकला होता. उत्तर सांगितल्यावरच पुठ्ठा उघडायचा! बऱ्याच जणांनी एआयचा वाटाणा खरा ठरवला. बक्षीस? नाही मिळालं. पण तिच्या टेबलापुढची गर्दी काही हटली नाही.

आता तुम्ही विचाराल, मग एआय वाईट का? मुळीच नाही. दादासाहेबांनीही पडद्यावर कितीतरी करामती केल्या. १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनी हनुमानाला उडवलं. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि कालियाशी झुंजली. ती गोष्ट आहे, हे बघणाऱ्याला माहीत होतं. गोष्टीत करामत चालते, ती हवीच! पण वाटाणा दाखवताना त्यांना ‘हे असं घडलं’ असं सांगायचं होतं. तिथे त्यांनी करामत केली नाही. तिथे ते महिनाभर थांबले.

तेव्हा तुम्हीही ही साधनं वापरून बघा, पण आईबाबांना शेजारी बसवून. स्वतःचे किंवा मैत्रिणीचे फोटो त्यात टाकू नका. उडणारा हत्ती करा, चंद्रावरची शाळा करा, आणि खाली ‘एआयनं केलं’ असं लिहायला विसरू नका. पण ‘हे असं घडलं’ असं सांगायचं असेल, तर आधी ते घडू द्या आणि जवळ बसून बघा.

आणि हो, आज रात्री स्वयंपाकघरातून चार वाटाणे आणि चार मूग मागून घ्या आणि भिजत घाला. कोणाची दलं वर येतात आणि कोणाची खाली राहतात, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. फक्त पाणी बेतानं घाला बरं का!