डाव्या बटनाचं आयुष्य

पाऊस लागला की माझ्या टेबलावर माउस येऊ लागतात. उन्हाळ्यात पॉवर सप्लाय जळून येतात, दिवाळीच्या सुमारास प्रिंटर येतात, पण आषाढ-श्रावण हा माउसचा हंगाम. जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात मी संगणक दुरुस्त करतो. आश्रमशाळा, ग्रामपंचायती, सेवा केंद्रं, झेरॉक्सची दुकानं असं माझं गिऱ्हाईक. मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न संगणकाचा नाही, माउसचा असतो. यंदा वांगणीहून आलेल्या एका ताईंनीही तोच विचारला. त्या घरीच फॉर्म भरून देण्याचं काम करतात. दोन वर्षांत त्यांचा हा तिसरा माउस. "दादा, एकदा दाबलं तरी दोनदा उघडतं. आता जरा महागातला घेऊ का? टिकेल ना?"

टिकेल, पण एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच खाली आहे.

अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी 1964 साली पहिला माउस केला, ती लाकडी डबी होती आणि तिच्या पोटात टेबलावर घासत फिरणारी दोन चाकं होती. पुढे चाकांच्या जागी रबरी गोळी आली. एमएस-सीआयटीच्या सुरुवातीच्या वर्गांत शिकलेल्यांना ती गोळी आठवत असेल. ती काढून आतल्या दांड्यांवरचा मळ नखानं खरवडावा लागे. मग प्रकाशाचा माउस आला. त्याच्या पोटाखाली एक बारीक कॅमेरा सेकंदाला हजाराहून जास्त वेळा टेबलाचं चित्र घेतो आणि चित्र किती सरकलं त्यावरून बाण हलवतो. त्यात घासणारं काहीच उरलं नाही. तेव्हापासून माउसमध्ये हलणाऱ्या जागा तीनच राहिल्या: बटन, चाक आणि वायरची मान. माझ्याकडे येणारे माउस जवळजवळ सगळे या तीनपैकी एका ठिकाणी गेलेले असतात. कॅमेरा बिघडल्यामुळे आलेले माउस मी हाताच्या बोटांवर मोजू शकेन.

आता महागड्या माउसचं खोकं बघा. वर मोठ्या अक्षरांत काय छापलेलं असतं? डीपीआय. वीस हजार, पंचवीस हजार. म्हणजे कॅमेरा किती बारीक बघतो त्याचा आकडा. सातबारा काढायला, जातीच्या दाखल्याचा अर्ज भरायला, मुलांना चित्र काढायला शिकवायला आठशे ते हजार पुरतो. तेवढा अगदी स्वस्तातल्या माउसमध्येही असतो. जो भाग क्वचितच बिघडतो, त्याचे जास्तीचे पैसे आपण मोजतो. मला हे मनापासून खटकतं, कारण माझ्या गिऱ्हाइकांसाठी हजार रुपये म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी.

माउस टिकणं न टिकणं बटनाखालच्या स्विचवर ठरतं. डाळीच्या दाण्यापेक्षा मोठी अशी ती काळी डबी असते. आत तांब्याच्या मिश्रधातूची वाकवलेली पातळ पट्टी. बटन दाबलं की ती टच्‌कन खाली जाऊन टेकते, सोडलं की वर येते. चांगल्या स्विचवर पन्नास लाख, एक कोटी, दोन कोटी असे क्लिकचे आकडे दिलेले असतात. हिशेब करून पाहू. सेवा केंद्रात दिवसाला चार हजार क्लिक धरा, वर्षाचे तीनशे दिवस. वर्षाला बारा लाख झाले. एक कोटीचा स्विच आठ वर्षं चालायला हवा. तरी तसले माउसही कधी कधी दुसऱ्याच पावसाळ्यात माझ्याकडे का येतात?

कारण तो आकडा पट्टी किती वेळा वाकू शकते याचा आहे, आपल्या हवेचा नाही. माउसच्या स्विचमधून जाणारा प्रवाह अगदी नगण्य असतो. मोठा प्रवाह असेल तर टेकताना बारीक ठिणगी पडते आणि धातूवर धरलेला गंजाचा पापुद्रा जळून जातो. इथे ठिणगीच पडत नाही. पापुद्रा धरत जातो, पट्टी टेकली तरी संपर्क थरथरतो, आणि संगणकाला एका दाबाचे दोन क्लिक दिसतात. जव्हार समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांच्या आसपास. पावसाळ्यात धुकं खिडकीतून आत येतं, वह्यांची पानं ओली लागतात. त्या हवेत स्विचचं आयुष्य नुसत्या क्लिकमध्ये मोजून चालत नाही, पावसाळेही मोजावे लागतात.

यावर पैसे उपयोगी पडतात का? थोडे पडतात. दीड-दोनशे रुपयांच्या बिननावाच्या माउसमध्ये स्विचही बिननावाचा असतो आणि पट्टीचा ताण वर्षभरात जातो. नावाजलेल्या कंपनीचा तीनशे ते सहाशे रुपयांचा साधा वायरवाला माउस घेतला, तर स्विच खात्रीचा मिळतो. ही एक पायरी चढणं मला पूर्ण मोलाचं वाटतं. अलीकडे काही महागड्या माउसमध्ये प्रकाशावर चालणारे स्विच येतात. त्यांत धातू धातूला टेकवून क्लिक ओळखत नाहीत, दाबल्यावर प्रकाशाचा झोत अडतो किंवा मोकळा होतो. आपल्या दमट हवेला ती खरी योग्य चीज आहे, पण सध्या ती खेळासाठीच्या माउसमध्ये, भारी कॅमेऱ्याच्या आणि रंगीत दिव्यांच्या सोबतच मिळते. साध्या माउसमध्ये ती कुणी दिली तर मी पहिला घेईन.

महागात आणखी एक धोका आहे. पकड मऊ वाटावी म्हणून बाजूंना रबरासारखा लेप दिलेला असतो. दुकानात हाताला फार छान लागतो. दमट हवेत हा लेप हळूहळू सुटतो आणि दोन-तीन वर्षांत गुळाच्या पाकासारखा चिकट होतो. पुसून जात नाही. साधं कडक प्लॅस्टिक दहा वर्षं तसंच राहतं.

चाकाची गोष्ट वेगळी. खळ्यावर भात झोडपायला लागले की तूस आणि बारीक धूळ घरभर होते, ती चाकाच्या फटीतून आत जाते. पान खाली नेताना मध्येच वर उडी मारतं. बहुतेक वेळा उघडून फुंकणीनं साफ केलं की भागतं. माउस वापरून झाल्यावर त्यावर साधा रुमाल टाकत जा, एवढंच माझं सांगणं.

वायरच्या मानेकडे मात्र नीट बघून घ्या. वायर माउसमधून जिथं बाहेर येते तिथं लवचीक रबरी नळी हवी, आणि ती बोटानं वाकवल्यावर गोल वळायला हवी, कोपऱ्यात मोडायला नको. शाळांमध्ये संगणक बंद केला की वायर माउसभोवती करकचून गुंडाळतात. आतल्या केसासारख्या तारा तिथंच तुटतात. सैल वेटोळं करून ठेवावं. कापडी वेष्टणाची जाड वायर मजबूत दिसते, पण आतल्या तारा तितक्याच बारीक असतात.

बिनवायरच्या माउसबद्दलही विचारतात. घरी एकट्यानं वापरायचा असेल तर जरूर घ्यावा. शाळेत नको. नखाएवढा रिसीव्हर हरवतो, आणि मे महिन्याच्या सुट्टीत आत राहिलेला सेल पाझरून त्याला टेकणाऱ्या पट्ट्या खाऊन टाकतो.

हमीबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. तीन वर्षांची हमी चांगलीच, पण माउस बदलून घ्यायला नाशिकला जायचं तर जव्हारहून ऐंशीएक किलोमीटर. एक दिवस बुडतो. म्हणून मी हमीपेक्षा दुरुस्तीला जास्त किंमत देतो. माउसच्या पोटाखाली दिसणारा स्क्रू असेल, तर तो उघडता येतो, आणि मग हमी संपल्यावरही त्याचं आयुष्य वाढवता येतं.

वांगणीच्या ताईंचा माउस मी तसाच उघडला. डाव्या बटनाचा स्विच गेला होता. उजवं बटन आपण क्वचितच दाबतो, त्याखालचा स्विच ठणठणीत असतो. दोन्ही काढले, चांगला डावीकडे सोल्डर केला, उजवीकडे जुन्या मेलेल्या माउसमधला बसवला. वीस मिनिटांचं काम. नवा माउस त्यांना घ्यावा लागला नाही.

दिवाळीच्या साफसफाईत घरात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत बंद पडलेले माउस निघतील. ते कचऱ्यात टाकू नका, जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन द्या. डावं बटन गेलेलं असलं, तरी त्यातलं उजवं बहुधा अजून चांगलं असतं.