एक टायर की जोडी?

गेल्या पावसाळ्यात खडोलीच्या कारखान्यांजवळ पत्र्याच्या तुकड्याने आमच्या गाडीचा मागचा टायर बाजूने चिरला. बाजूची चीर पंक्चरसारखी भरता येत नाही. आई आणि मुलगी मागे बसलेल्या. स्टेपनी लावून हळूहळू सिल्वासा गाठलं.

"एकच गेलाय, एकच द्या," मी म्हणालो. सॉफ्टवेअरवाल्याची सवय, बिघडलं तेवढंच बदलायचं! टायरवाल्या काकांनी जोडीच्या टायरची खाच मोजली: 3 मिलिमीटर. नव्याची 8. कायद्याने 1.6 पर्यंत चालतं, पण रस्त्यावरचं पाणी बाहेर काढतात त्या खाचाच. एक चाक रस्ता धरणार, शेजारचं पाण्यावर तरंगणार. जोडीचा टायर नुकताच घेतलेला असता तर एकावर भागलं असतं.

दोन घेतले. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, म्हणून नवे पुढे लावा म्हटलं. काकांनी मागेच लावले. पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंगवर कळतं. मागची घसरली की गाडी गर्रकन फिरते.

टायरच्या बाजूवर चार अंक असतात, आठवडा आणि वर्ष. घरी येऊन स्टेपनीवरचे वाचले: 1115. म्हणजे 2015 चा अकरावा आठवडा. त्याच टायरवर मी आईला आणि लेकीला भर पावसात आणलं होतं.