रोहित्राच्या पोटातील वायू

नाशिकची ख्याती द्राक्षांची आणि कांद्याची असली, तरी सातपूर-अंबडच्या वसाहतींत विजेची उपकरणे घडतात आणि एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच उभे आहेत, हे बाहेरगावच्या पाहुण्यास सहसा ठाऊक नसते. आणि वीज ज्या रोहित्रांतून पुढे रवाना होते, त्यांच्या तेलात विरघळलेल्या वायूंचा मागोवा घेणे हा माझा व्यवसाय आहे, हे तर घरच्यांनाही अद्याप नीटसे उमगलेले नाही.

रोहित्रातील खनिज तेलाचे विघटन होऊ लागले, की दोषाची जात आपली वर्दी आपणच देते: सूक्ष्म विद्युत्स्राव असेल तर मुख्यतः हायड्रोजन, तेल अतिशय तापले असेल तर एथिलीन, वेटोळ्यांवरचा कागद करपत असेल तर कार्बन मोनॉक्साइड, आणि आत प्रत्यक्ष ठिणगी पेटली असेल तर ॲसिटिलीन. हा शेवटचा वायू दशलक्षांत दोनचार भाग जरी आढळला, तरी जबाबदार अभियंत्याची झोप उडते.

काचेच्या सिरिंजमध्ये तेल काढून ते गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासणे ही रूढ रीत, आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु मी ज्या उपकरणाच्या नादी लागलो, त्याचे मूळ कलकत्त्याच्या बहूबझार रस्त्यावरील त्या संस्थेत आहे, जेथे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांनी, विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाखेरीज निराळे रंगही असतात, हे निश्चित केले. त्यांनी साठेक द्रव तपासले होते. वायूचे काम अधिक कष्टाचे, कारण वायू विरळ. आमच्या ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरचा बहुतेक प्रकाश वायूतून सरळ निघून जातो. जो थोडा विखुरतो तोही जवळजवळ सगळा हिरवाच राहतो, आणि त्याच्या सुमारे एक हजारांश एवढाच प्रकाश नायट्रोजनच्या रेणूस कंपनाची ऊर्जा देऊन, ६०७ नॅनोमीटरचा नारिंगी होऊन बाहेर पडतो. म्हणून दोन अंतर्वक्र आरशांमध्ये तोच किरण पुनःपुन्हा मागेपुढे फिरवायचा, वायूचा दाब वाढवायचा, हिरवा रंग गाळणीने अडवायचा, आणि थंड केलेल्या सीसीडीसमोर कित्येक मिनिटे स्वस्थ बसून राहायचे.

या खटाटोपाचे फळ असे, की अवरक्त किरणांच्या यंत्रांना मुळीच न दिसणारे हायड्रोजन आणि नायट्रोजन येथे इतर वायूंच्या बरोबरीने, एकाच चित्रात हजर होतात. नायट्रोजनची २३३१ प्रतिसेंटिमीटरची उंच रेषा तर माझे मापच आहे: लेझर मंदावला किंवा आरसा मळला, तर साऱ्याच रेषा एकदम खालावतात, पण तिच्याशी असलेले त्यांचे प्रमाण ढळत नाही. उपद्रव होतो तो कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत. त्याची २१४३ ची रेषा नायट्रोजनच्या पसरलेल्या पायथ्यावर, श्रीमंत शेजाऱ्याच्या ओसरीवर अंग चोरून बसलेल्या पाहुण्यासारखी असते, आणि तो पायथा काटेकोरपणे वजा केल्याखेरीज तिचा हिशेब लागत नाही.

याहून फसवी गोष्ट निराळीच. अंतरिक्षातून आलेला एखादा कण सीसीडीवर आदळून नेमका १९७४ च्या आसपास, म्हणजे ॲसिटिलीनच्याच जागी, अशी सुबक, टोकदार रेषा उमटवतो, की नवशिक्याने तत्काळ धोक्याचा अहवाल रवाना करावा. खऱ्या रेषेस मात्र थोडी रुंदी असते आणि ती पुढच्या चित्रातही त्याच जागी उभी असते, सबब एकाच चित्रावरून अहवाल लिहावयाचा नाही, असा आमचा दंडक आहे. श्रावणात हवा ओली झाली आणि नळीची एखादी जोडणी गळकी असली, तर ३६५२ वर पाण्याची रेषा डोके वर काढते. खिडकीच्या काचेवर तेलाच्या वाफेचा पुसट लेप बसला, तर सारा वर्णपटच प्रतिदीप्तीच्या चढावर जाऊन बसतो, आणि त्यावर काच पुसण्यावाचून दुसरा इलाज नाही.

वर्षाकाठी एकदोन नमुने तपासावयाचे असतील, तर क्रोमॅटोग्राफ पुरेसा आहे; त्यापायी कोणी लेझरच्या भरीस पडू नये. परंतु ज्या रोहित्रात ॲसिटिलीन एकवार दिसला आहे आणि जे बंद ठेवणे परवडणारे नाही, त्याच्या शेजारी दिवसरात्र पहारा करण्यास, वाहक वायूच्या टाक्या न मागणारे हे यंत्रच मला अधिक लायक वाटते.