खुणांची खतावणी

व्यापारी हिशेबात रोजकीर्द आणि खतावणी यांचे कार्य निराळे असते. दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरतात. पुढे त्यांतील प्रत्येक नोंद आपापल्या खात्यावर चढते. रोजकीर्द कितीही चोख असली तरी कोणाकडे किती येणे आहे, हे खतावणीवाचून कळत नाही. पुन्हा लागतील म्हणून आपण संगणकात ज्या संकेतस्थळांचे बुकमार्क, म्हणजे खुणा, करून ठेवतो, त्यांची स्थिती बहुधा रोजकीर्दीसारखीच असते. नोंद होते, खतावणी होत नाही.

या उणिवेचे गांभीर्य आमच्या थोरल्या बंधूंच्या निधनानंतर मला जाणवले. विमा, म्युच्युअल फंड, मुदत ठेवी, वीजबिल, घरपट्टी असे अण्णांचे सर्व व्यवहार संगणकावरून चालत. त्यांनी खुणाही जपल्या होत्या. परंतु चारशेहून अधिक खुणा एकाखाली एक, आणि बहुतेकांची नावे म्हणजे इंग्रजी अक्षरांची लांबलचक माळ. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, यात आमचं घर कुठं आहे, तेवढं दाखवा."

पुण्याहून आलेल्या पुतण्याने 'रेनड्रॉप डॉट आयओ' या सेवेचे डेस्कटॉप ॲप वहिनींच्या संगणकावर घालून दिले. ब्राउझरमधील साऱ्या खुणा एका एचटीएमएल फाइलच्या रूपाने बाहेर काढता येतात. ती फाइल ॲपमध्ये घेतली की खुणा तेथे येतात. मग त्यांचे कप्पे करावेत, नावे बदलावीत, प्रत्येकीखाली दोन ओळींची टीप लिहावी. आम्ही पाचच कप्पे केले : बँका, विमा व गुंतवणूक, कर, घरखर्च आणि पेन्शन. नावे वहिनींच्या बोलीतली ठेवली. शेवटच्या कप्प्याला त्यांनी स्वतः नाव दिले, 'ह्यांची पेन्शन'. आता ती कुटुंब निवृत्तिवेतन म्हणून त्यांचीच होती. पण ते नाव आम्ही बदलले नाही.

नंतर आला ताळमेळ. एकेक खूण उघडून पाहिली, तेव्हा कित्येक पाने नाहीशी झालेली आढळली. यात नवल नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ मधील अहवालानुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपृष्ठांपैकी ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती. बँकांच्या खुणा तर नव्यानेच कराव्या लागल्या. कारण रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यावयाची होती. प्रत्येक नवा पत्ता शाखेत विचारून मगच नोंदवला. बँकेचे नाव शोधयंत्रात टाकून समोर येईल त्या दुव्यावर जाणे धोक्याचे आहे. हुबेहूब दिसणारी बनावट स्थळे तेथेच दबा धरून असतात. एकदा पडताळलेली खूण म्हणजे थेट आपल्या दारापर्यंतची वाट.

या तपासणीत एक खूण अशी निघाली की तिचा एकही कागद घरात नव्हता. ते एका विमा कंपनीच्या ग्राहक-प्रवेशाचे पान होते. चौकशी केली, तेव्हा अण्णांच्या नावे एक पॉलिसी निघाली. रक्कम फार मोठी नव्हती. परंतु ती वहिनींच्या हक्काची होती आणि त्या एका खुणेवाचून ती कोणालाच कळली नसती. दहा वर्षे हात न लागलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जातात. त्यांचा शोध घेण्यासाठी २०२३ पासून 'उद्गम' हे पोर्टल आहे आणि वारसांना मागणीही करता येते. पण ठेव असावी अशी शंका तरी आधी यावी लागते!

दोन पथ्ये मात्र पाळावीत. टीपेत पासवर्ड वा पिन कदापि लिहू नये, कारण या खुणा त्या सेवेच्या सर्व्हरवर राहतात. दुसरे असे की कोणतीही सेवा कायमची नसते. मोझिलाने आपली 'पॉकेट' ही लेख जपून ठेवण्याची सेवा ८ जुलै २०२५ रोजी बंद केली. म्हणून दर तिमाहीस सर्व खुणांची फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि मुख्य पत्त्यांचा एक छापील कागद कपाटात ठेवावा.

नामनिर्देशन केल्याने वारसाला पैसा मिळण्याचा मार्ग सुकर होतो. परंतु पैसा कोठे आहे हेच ठाऊक नसेल तर त्या मार्गाने जाणार कोण? वाचक बंधु-भगिनींनी एखाद्या रविवारी पती-पत्नींनी एकत्र बसून ही खतावणी लिहून काढावी. नावे देताना मात्र, मागे राहणाऱ्या माणसाला समजतील अशीच द्यावीत.