डावीकडे मी, उजवीकडे तू

हेडफोन लावा आणि एखादं दणदणीत रॉक गाणं ऐका. दोन्ही कानांत गिटारची भिंत उभी राहते ना, ती बहुतेक वेळा एक गिटार नसते. तोच भाग दोनदा वाजवतात. एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. याला डबल ट्रॅकिंग म्हणतात.

आमच्या बँडमध्ये आता दोघंच उरलोय. मी सांगलीत, दोस्त साताऱ्यात शिफ्टच्या नोकरीवर. एकत्र सराव बंद, फक्त फायली जातात-येतात. नव्या गाण्याच्या वेळी तो म्हणाला, "दोनदा कशाला? एकदा वाजवतो, स्टिरिओ अॅम्प प्लगइन लाव, दोन्हीकडून वाजेल की. नायतर कॉपी मार भावा." रात्रपाळी करून आलेल्या माणसाला काय बोलणार?

पण गिटारच्या केबलमधून एकच सिग्नल येतो. त्यावर नुसता स्टिरिओ अॅम्प लावला, तर डावी-उजवीकडून तोच आवाज निघतो. दोन्ही कानांना अगदी एकच आवाज आला की मेंदू तो डोक्याच्या मधोमध ठेवतो. कॉपीचंही तेच. आवाज मोठा होतो, रुंद होत नाही. कॉपी किंचित मागे सरकवली तर हेडफोनवर रुंदी भासते. पण एकाच स्पीकरच्या मोबाइलवर दोन्ही बाजू एकत्र आल्या की काही सूर एकमेकांना खोडतात आणि गिटार पोकळ वाटते. आणि आमची गाणी ऐकणारे मोबाइलवरच ऐकतात.

म्हणून माझा हिशेब साधा. दोन खरे टेक, प्रत्येकाला स्वतंत्र मोनो अॅम्प. दोन्ही टेक एकाच मोनो अॅम्पमधून काढायचे नाहीत. डिस्टॉर्शनमध्ये दोन गिटारी एकत्र गेल्या की सूर एकमेकांत घुसून चिखल होतो. स्टिरिओचं काम अॅम्पच्या नंतर सुरू होतं: रिव्हर्ब, डिले, खोलीचा घुमारा. त्यासाठी वेगळा स्टिरिओ ट्रॅक ठेवायचा. कारण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ ट्रॅकचा पॅन डावीकडे फिरवला की उजवी बाजू नुसती बंद होते. अर्धी खोलीच गायब.

दोघांनी मिळून एक आवाज रुंद करणं आपल्याकडे जुनंच आहे. सांगलीला लागूनच मिरज. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार तिथं वाद्यं घडवू लागले आणि पिढ्यान्‌पिढ्या घडवत राहिले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. मैफलीत गवयाच्या मागे तंबोऱ्यांची जोडी असते. दोन्ही एकाच सुरात लावलेले, पण भोपळा वेगळा, जवारी वेगळी, छेडणारी बोटं वेगळी. दोन्हींच्या तारा नेमक्या एकाच क्षणी छेडल्या जात नाहीत. त्या फरकातूनच गवयाभोवती सुरांचा मांडव उभा राहतो.

यंत्रालाही हे शिकावं लागलं. जॉन लेननला तेच गाणं दोनदा गायचा कंटाळा. म्हणून १९६६ साली लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड यांनी टेपवर दुसरा आवाज आपोआप तयार करायची पद्धत काढली. पण तो आवाज दुसरा वाटावा म्हणून टेपचा वेग किंचित डळमळता ठेवावा लागे.

मी दोस्ताला कळवलं, "तू एकदाच वाजव. डावी बाजू मी वाजवतो, उजवी तुझी." सुट्टीच्या दिवशी त्याची फाइल आली. त्याचा हात माझ्यापेक्षा कायम थोडा मागे असतो, आणि दुसऱ्या कडव्यात तो दमलेला कळतो. एडिट करून सगळे स्ट्रोक माझ्या रेषेत आणायला दहा मिनिटं पुरली असती. तसं केलं असतं तर उजवीकडेही मीच वाजलो असतो.

मी दोन मोनो अॅम्प लावले, त्याचा थोडा जाड ठेवला, आणि मिक्स पाठवून दिला. त्याचा मेसेज आला, "मी जरा लेट आहे का?"

"आहेस," मी लिहिलं. "तसाच राहू दे."